पाहुणे येण्याआधी टाकी बघ

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझी यादी पोचली. शुक्रवारी रात्री सहा जण येणार, शनिवारी पहाटे कळसूबाई, तिथून रतनवाडी, दुपारी सांदण दरी, रात्री काजवे आणि रविवारी रंधा धबधबा. वाचतानाच मला धाप लागली. शिवाय घर दाखवायला म्हणून बोलावलंस, पण यादीत घर कुठेच नाही!

तुला हसायचा हक्क मला नाही म्हणा. इथे आलो त्या पहिल्या मे महिन्यात मी सात मित्रांना बोलावलं होतं. शहर सोडलं ते चुकलं नाही, हे मला त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. त्या हट्टापायी सगळ्यांना सकाळी नऊच्या उन्हात कळसूबाईवर चढवलं. १६४६ मीटर, राज्यातलं सर्वांत उंच शिखर, वगैरे माझं भाषण चालू होतं आणि लोखंडी शिडीचा कठडा हाताला चटका देत होता. धुळीनं माखून परतलो आणि एकेक जण आंघोळीला गेला. सातवा डोक्याला साबण लावून उभा आणि नळ कोरडा. शेजारच्या मावशींनी काही न बोलता दोन हंडे आणून दिले. ते त्यांनी पहाटे विहिरीवर नंबर लावून भरले होते, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. आजही ते हंडे आठवले की कानशिलं तापतात.

म्हणून आधी टाकीचा हिशेब कर. शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात. तुम्ही सात जण, म्हणजे ९४५ लिटर. तुझी टाकी हजाराची. शनिवारी रात्रीच तळ दिसेल. समोर भंडारदरा धरणाचं एवढं पाणी चमकतंय आणि इथे टंचाई कशी, असं कुणी ना कुणी विचारणारच. १९२६ साली बांध पुरा झाला तो खालच्या मुलखाच्या शेतीसाठी, काठावरच्या वस्त्यांसाठी नव्हे. धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण तुझ्या ओट्यावर बसून नीट समजते. त्यांना विहिरीवर घेऊन जा, एकेक हंडा उचलू दे. घर दाखवणं इथूनच सुरू कर.

मग परसात ने. खाचराच्या कोपऱ्यात काळे जळके चौकोन दिसतील. 'शेत कुणी पेटवलं?' म्हणून एखादा चिडेल. त्याला सांग, हा राब आहे. शेण, पाला, गवत पसरून भाजतात, म्हणजे तणाचं बी मरतं आणि पहिल्या पावसात टाकलेलं भाताचं बी जोमानं वर येतं. पुढे आवणीला तीच रोपं उपटून चिखलात लावतात. जुलैत परत या म्हणावं, चार मुठी तुम्हीही लावा. मात्र राबावर काम करणाऱ्या बायांचे फोटो न विचारता काढू देऊ नकोस. आपण इथे राहायला आलो असलो तरी गाव आपल्या घराची शोभा नाही.

यादीतलं काय ठेवायचं? रतनवाडी ठेव. सकाळी लवकर अमृतेश्वराच्या देवळात जा, बाहेरच्या दगडावरचं कोरीवकाम तिरप्या उन्हात बघा. प्रवरा नदी मागच्या रतनगडावरूनच उगवते. कळसूबाई परसातून दाखव, चढायचीच असेल तर थंडीत बोलव. सांदणला अर्धा दिवस जातो, आणि वळवाचं आभाळ भरून आलं तर त्या चिंचोळ्या दरीत उतरायचं नाही म्हणजे नाही. रंधा तर धरणातून पाणी सोडलं तरच रंधा.

काजव्यांचं मात्र मनावर घे. गाड्यांची रांग लागते त्या झाडांकडे जाऊच नकोस. तुझ्या मागच्या ओढ्याकाठी हिरडा आहे, ऐन आहे, तिथे चालत जा. बॅटरी पायाशी धरा, झाडावर मारू नका. नर चमकून मादीला बोलावतो, ती उजेडानंच उत्तर देते, त्या दोघांत आपल्या मोबाइलचा झोत कशाला? दहा मिनिटं गप्प उभे राहिलात की डोळे अंधाराला सरावतात. मग एक झाड लुकलुकतं, लगेच शेजारचं, आणि बघता बघता सगळा ओढा एका ठेक्यात विझतो-पेटतो. तेव्हा तुला काही समजावून सांगावं लागणार नाही.

किरकोळ सूचना. सकाळी बूट झटकून घालायचे, दगड उलथायचे नाहीत. फुरसं हा विषारी साप दिसायला लहान असतो, पण त्याच्याशी खेळ नको. वळीव आला की वीज जाणार, तेव्हा कंदिलाच्या काचा आजच पुसून ठेव. जेवण मावशींकडे सांग. पिठलं, नाचणीची भाकरी, करवंदाचं लोणचं. पैसे आधी ठरव आणि ठरलेत ते पुरे दे. 'घरच्यासारखं आहे' म्हणून घासाघीस करणारे मी पाहिलेत.

आणि दुपारी त्यांना पडवीत नुसतं लोळू दे. कुणी म्हणेल, 'तुला इथे कंटाळा नाही येत?' येतो तर येतो म्हण. मलाही येतो, विशेषतः ऑगस्टात, कपडे आठ-आठ दिवस वाळत नाहीत तेव्हा.

रविवारी संध्याकाळी ते गेले की फोन कर. टाकीत किती पाणी उरलं ते सांग.

तुझा,
काका