डॅलसला थंडी नसते म्हणून तिकडे चालला असशील, तर आधी हे वाच

राम राम भाऊ. तुझा मेसेज सकाळीच वाचला, पण याचं उत्तर दोन ओळीत होत नाही म्हणून आता पोट्टे झोपल्यावर बसलो लिहायला. बाकीच्यांनाही कामी येईल म्हणून तुझा प्रश्न थोडक्यात लिहितो: तू दारव्ह्याकडचा, पुण्यात नोकरी, कंपनीनं दोन जागा समोर ठेवल्या, डॅलस नाहीतर मिनियापोलिस, संग बायको अन दीड वर्षाची पोरगी, मागून आई सहा महिन्यांसाठी येणार. अन तू म्हणतो की मिनियापोलिसला उणे तीस होते, आपण उन्हातली माणसं, डॅलस आपल्या यवतमाळसारखंच गरम आहे तर डोळे मिटून तेच घेऊ का.

डोळे मिटून नको घेऊ. मी आर्णीकडचा. तीन वर्षं डॅलसच्या बाजूला राहिलो अन २०२१ च्या उन्हाळ्यापासून मिनियापोलिसला आहे. अन आतापर्यंतची सगळ्यात बेकार थंडी मी डॅलसला काढली, मिनियापोलिसला नाही.

आपल्या गावाकडचंच बघ ना आधी. २९ डिसेंबर २०१८ ला नागपूरचा पारा ३.५ वर गेला होता, डिसेंबरातला तिथला रेकॉर्ड. मी तेव्हा सुट्टीवर गावीच होतो. त्या आठवड्यात शेतातली लाईन रात्रीची होती, म्हणजे बाबा अन मी रात्री बारा वाजता बॅटरी घेऊन गव्हाला पाणी द्यायला, पायात चिखल, डोक्याला दुपट्टा, अन बांधावर पऱ्हाट्या पेटवून शेकत बसायचं. मिनियापोलिसच्या माणसाला साडेतीन डिग्री सांगितलं तर तो म्हणते आज जॅकेट घरीच ठेवतो. पण आपल्याकडे वर कवेलू, दाराच्या खालून बोटभर फट, स्वेटर एक अन तोही भावाचा. याच्या उलट उन्हाचं. आपल्याकडे ४५ झालं तरी कुलर, वाळ्याची ताटी, पन्हं, दुपारी बारा ते चार कोणी बाहेर दिसत नाही, अन शाळासुद्धा बाकी महाराष्ट्रापेक्षा आठ-दहा दिवस उशिरा उघडतात. इंग्लंडमध्ये जुलै २०२२ ला पहिल्यांदा ४० च्या वर पारा गेला तर रेल्वेचे रूळ वाकले अन एका विमानतळाची धावपट्टी उखडली. म्हणून गाव निवडताना किती डिग्री होते एवढंच नको पाहू, तिथल्या लोकांनी त्याची तयारी किती करून ठेवली हे पाय.

आता माझं ऐक. फेब्रुवारी २०२१. आई आमच्याकडेच होती, कोविडमुळे विमानं बंद होऊन अडकलेली, तिला वर्ष झालं होतं. १४ तारखेला रविवार होता, बाहेर बर्फ पडायला लागला, पोट्टे खुश, फोटोबिटो काढले. रात्री दीडच्या सुमारास लाईट गेली. मला वाटलं अर्ध्या तासात येईल. तीन दिवस आली नाही. १६ तारखेला सकाळी डॅलसला उणे १९ होतं अन आमच्या अपार्टमेंटमध्ये आत ४ डिग्री. बाल्कनीच्या काचेला आतून बर्फ धरला होता.

आता तुला वाटेल अमेरिकेत लोडशेडिंग? तर ऐक, डॅलस ज्या टेक्सास राज्यात आहे त्याची ग्रिड, म्हणजे वीज इकडून तिकडे नेणाऱ्या तारांचं जाळं, वेगळी आहे. बाकी देश दोन मोठ्या ग्रिडवर चालते, टेक्सासनं बहुतेक राज्य आपलं आपलं ठेवलं, केंद्राचे नियम नको म्हणून. आपल्याकडे ३१ डिसेंबर २०१३ ला दक्षिण जोडली तेव्हापासून पूर्ण देश एका ग्रिडवर आहे, इकडची कमी पडली तर तिकडून ओढता येते. टेक्सासला बाहेरून ओढायला तारच मोजकी. त्यात गॅसच्या विहिरी गोठल्या, पाइप गोठले, काही पवनचक्क्या गोठल्या, अन गंमत म्हणजे लोडशेडिंग करताना गॅसच्या काही प्लांटचीच लाईन कापली गेली, म्हणजे वीज बनवायला गॅस नाही अन गॅस काढायला वीज नाही. त्याच वेळी घरोघरी हीटर फुल, अन तिकडे बऱ्याच घरांत हीटर विजेवरच. आलटून पालटून बंद करायची ठरली होती, पण दवाखाने, फायर स्टेशन असलेल्या लाईन बंद करता येत नव्हत्या अन उरलेल्या एवढ्या कमी पडल्या की जे अंधारात गेले ते अंधारातच राहिले. ४५ लाख घरं अन दुकानं अंधारात, अन शहराच्या मधल्या रिकाम्या टॉवरचे लाईट चमकत होते, ते पाहून माझं डोकं लय फिरलं. पूर्ण ग्रिड बसायला ४ मिनिटं ३७ सेकंद राहिले होते असं नंतर सांगितलं गेलं. ती बसली असती तर महिनाभर अंधार. सरकारी आकडा २४६ मेले.

त्यातले काही थंडीनं नाही, धुरानं मेले. हे नीट वाच, आपल्या लोकांसाठी हेच सगळ्यात महत्त्वाचं. लोकांनी गॅरेजमध्ये गाडी चालू करून आत बसून ऊब घेतली, कोळशाची शेगडी घरात आणली. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोप येते अन माणूस उठत नाही. माझी आईही म्हणाली होती, बार्बेक्यूची जाळी आत घे, पेटवू. गावाकडे शेगडी चालते कारण कवेलूतून, फटीतून हवा खेळते, इकडची घरं डब्यासारखी बंद. म्हणून कुठेही जा, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लागलेला आहे का पाय, नसला तर पहिल्या दिवशी विकत आण.

पण आईनंच आम्हाला वाचवलं हेही सांगतो. लाईट गेल्याबरोबर रात्री दोन वाजता ती उठली अन घरातली सगळी भांडी, बादल्या, टब भरून ठेवला. मी म्हटलं अगं इथं नळ जात नाही. ती म्हणे लाईन गेली म्हणजे पाणीही जाते. आठ-आठ दिवसांनी नळ येणाऱ्या गावातली बाई ती. दुसऱ्या दिवशी नळाची धार करंगळीएवढी झाली, मग बंद, अन अर्ध्या टेक्सासला पाणी उकळून प्या असा आदेश निघाला. आमच्याकडे गॅसची शेगडी होती, बटणानं पेटत नव्हती तर आईनं काडीनं पेटवली, तीन दिवस खिचडी अन बेसन. शेजारचे एक म्हातारे नवरा-बायको विजेच्या शेगडीवाले, तेही आमच्याकडेच जेवले.

मग पाइप फुटले. तिकडे बऱ्याच घरांत पाण्याचे पाइप माळ्यावरून नेलेले असतात, छताच्या खाली, वर काही पांघरूण नाही, कारण उन्हाळ्याचा विचार करून घर बांधलेलं. पाणी गोठलं की फुगते अन पाइप चिरते, पण गोठलेलं असेपर्यंत कळत नाही, ऊन पडलं की छतातून धबधबा. माझ्या वरच्या मजल्यावर तेच झालं, आमचा हॉल गुडघाभर नाही पण घोट्याभर भरला. अपार्टमेंटवाल्यांनी छत नीट करायला अडीच महिने लावले, भाडं मात्र पूर्ण घेतलं. म्हणून डॅलसला घर घेशील तर पहिले विचार घराचं पाणी बंद करायचा मेन वाल्व कुठे आहे, अन थंडीचा इशारा आला की नळ थेंब-थेंब चालू ठेवायचा, सिंकखालचे कपाट उघडे ठेवायचे म्हणजे घरातली गरम हवा पाइपला लागते.

एक गोष्ट तुला पटेल म्हणून सांगतो. त्याच टेक्सासात एल पासो म्हणून शहर आहे, एकदम पश्चिमेला. ते या ग्रिडवर नाही, पश्चिमेच्या मोठ्या ग्रिडवर आहे. फेब्रुवारी २०११ ला असाच गारठा पडला होता, तेव्हा सगळ्यांनाच सांगितलं होतं मशिनींना थंडीचं कपडं घाला म्हणून. एल पासोवाल्यांनी घातलं. बाकी राज्यात सक्ती नव्हती तर बहुतेकांनी सोडून दिलं. दहा वर्षांनी एल पासोला फारसं काहीच झालं नाही. आता २०२१ नंतर कायदा झाला, सक्ती केली, अन डिसेंबर २०२२ ची अन जानेवारी २०२४ ची थंडी ग्रिडनं काढलीही, ते मान्य करायला पाहिजे.

रस्त्याचंही तसंच. २०१४ च्या जानेवारीत दक्षिणेतल्या अटलांटा शहरात दोन-तीन इंच बर्फ पडला, सगळी ऑफिसं अन शाळा एकाच दुपारी सुटली, लोक रात्रभर गाडीत, पोट्टे शाळेतच झोपले. दोन-तीन इंच! मिनियापोलिसला एवढ्यात कोणी चहाही सोडत नाही. डॅलसच्या बाजूला फोर्ट वर्थला त्या २०२१ च्या वादळाच्या तीन दिवस आधी हायवेवर काचेसारखा पातळ बर्फ धरला अन १३३ गाड्या एकमेकांवर, सहा मेले. तो बर्फ दिसत नाही, ओला डांबर वाटते. पुलावर आधी धरते कारण खालूनही वारा लागते. डॅलसला बर्फ असला तर गाडी काढायचीच नाही, तुला येते की नाही हा प्रश्न नाही, समोरच्याला येत नाही.

आता मिनियापोलिस. इथं पहिल्या जानेवारीत उणे ३० ची सकाळ आली, मी घाबरून घरमालकाला फोन केला की आज काय करायचं, तो म्हणे काय करायचं म्हणजे? शाळेची बस वेळेवर आली. इथं पाया साडेतीन फूट खाली घालतात जमीन गोठते म्हणून, पाण्याची मेन लाईन त्याच्याहीपेक्षा खोल, खिडकीला दोन-दोन काचा. शहराच्या मधोमध दुसऱ्या मजल्यावरून बंद पूल आहेत, इमारतीतून इमारतीत, मैलोगणती, बाहेर न निघता ऑफिस, बँक, जेवण. थंडीत पैसे थकले म्हणून सरसकट हीटर कापता येत नाही, १ ऑक्टोबर ते ३० एप्रिल, हप्ते बांधून घेतले तर. लोक गोठलेल्या तळ्याला भोक पाडून मासे धरतात. असं नाही की इथं कधीच काही होत नाही, जानेवारी २०१९ ला उणे ३३ झालं तेव्हा शाळा बंद होत्या, पोस्टानंही टपाल वाटणं थांबवलं अन गॅस जपून वापरा म्हणून सांगितलं. पण सांगितलं, अन लोकांनी हीटर कमी केले.

इथल्या त्रासाच्या गोष्टी दुसऱ्या. लय बर्फ पडला की शहर स्नो इमर्जन्सी लावते, मग तीन दिवस कोणत्या रस्त्याच्या कोणत्या बाजूला गाडी लावायची याचे नियम, मी पहिल्याच वर्षी चुकलो अन गाडी उचलून नेली, चूक माझीच, मेसेज वाचला नव्हता. रस्त्यावर मीठ टाकतात, पण उणे ९-१० च्या खाली साधं मीठ काम करत नाही, मग वाळू अन दुसरे क्षार, त्यानं गाडीचा खालचा पत्रा खाऊन जाते, म्हणून हिवाळ्यात गाडी धुवायची. टाकी अर्ध्याच्या खाली नको, डिक्कीत ब्लँकेट अन फावडं.

कपडे पुण्यातून नको आणू, भार होईल, कामी येत नाहीत. अन आपण कापूस पिकवणारे, पण थंडीत अंगाला कापसाचं बनियन नको, घाम धरून ठेवते अन मग तोच गार होते. आत लोकरीचं नाहीतर पॉलिस्टरचं, वर जाड, सगळ्यात वर वारा अडवणारं. पोरीला गाडीच्या सीटमध्ये फुगलेलं जॅकेट घालून पट्टा नको लावू, पट्टा ढिला राहते. पट्टा आधी, पांघरूण वरून.

मधात एक सांगतो, तुझी संत्र्याची बाग आहे म्हणून. थंडीच्या रात्री बागेत पाणी सोडतो अन काडीकचरा पेटवून धूर करतो ना आपण, फ्लोरिडावाले त्याच्या पुढे जातात, गोठायला लागलं की झाडांवर स्प्रिंकलरनं पाणी मारतात. पाणी गोठताना ऊब सोडते, फळाभोवती बर्फाचं कवच होते अन आतलं शून्याच्या आसपास टिकते. पण पाणी मधातच थांबलं तर जास्त नुकसान. अन लय मोठा गारठा आला तर तेही चालत नाही, १९८३, १९८५ अन १९८९ च्या थंडीनं तिथल्या बागा एवढ्या गेल्या की संत्र्याचा पट्टाच दक्षिणेला सरकला. तुरीच्या फुलावर धुवारी पडली की आपण जसे सकाळी बांधावर उभे राहून पाहतो तसेच पाहत असतील बिचारे.

आता आईचं. हीच एक गोष्ट डॅलसच्या बाजूनं खरी जड आहे. मिनियापोलिसला डिसेंबरात दिवस पावणेनऊ तासांचा, साडेचारला अंधार, अन चार-पाच महिने म्हातारं माणूस एकटं बाहेर पडू शकत नाही, घसरून पडलं तर खुबा गेला. माझी आई डॅलसला रोज बागेत जायची, चार गुजराती बायका धरल्या होत्या तिनं. इथं आली तेव्हा खिडकीत बसून राहायची अन मला विचारायची, हे लोक गेले कुठे? म्हणून मिनियापोलिस घेतलं तर आईला मे ते ऑक्टोबर बोलाव. डॅलस घेतलं तर ऑक्टोबर ते मार्च, तिथला जुलै आपल्या मे सारखाच.

माझं मत विचारशील तर पगार अन काम ज्याचं चांगलं ते घे, दोन्हीकडे राहता येते. पण डॅलस ठरलं तर गॅसची शेगडी असलेलं घर पाय, माळ्यावरचे पाइप झाकलेत का विचार, अन विजेचा प्लॅन फिक्स दराचाच घे. त्या आठवड्यात बाजारभावाच्या प्लॅनवाल्यांना हजारो डॉलरची बिलं आली होती. घराचे फोटो आले की मला पाठव, वाल्व कुठे आहे ते मीच पाहून सांगतो. अन काकूला, म्हणजे तुझ्या आईला, गोधडी आणायची असली तर आणू दे, बॅगेत पाच किलो गेले तरी चालते.