पद्मिनीचं इंजिन ठोकतंय, ऑइलचा दिवा लागतोय

प्रश्न: आजोबांनी घेतलेली १९७८ ची प्रीमियर पद्मिनी घरी आहे, अजून चालू आहे. मध्यंतरी खंबाटकी चढून आलो तेव्हापासून गाडी तापली की सिग्नलला ऑइलचा लाल दिवा मिणमिणतो, रेस दिली की जातो, आणि पिकअप घेताना खालून ठक ठक असा जाड आवाज येतो. एक मेकॅनिक म्हणतो जाड ऑइल टाका, दुसरा म्हणतो फुल इंजिन काम करा. काय करू?
– एक वाचक, सातारा

उत्तर: आधी गाडी उभी करा, खरंच. दिवा आणि ठोका एकदमच आलेत म्हणजे बेअरिंगवर संशय जातो, आणि तशीच चालवत राहिलात तर जे काम नवीन शेल (बेअरिंगच्या आतल्या पातळ अर्धगोल पट्ट्या) टाकून भागलं असतं ते क्रँकपर्यंत (पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्यापर्यंत) जाईल, कदाचित पिस्टनचा रॉड इंजिनाचा ब्लॉक फोडून बाहेर येईल.

आता डिपस्टिक काढा, ऑइलची लेव्हल बघा आणि वासही घ्या. ह्या १०८९ सीसी इंजिनाला मेकॅनिकल पेट्रोल पंप आहे, त्याचा डायफ्रॅम फाटला की पेट्रोल चेंबरमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यात) उतरतं, लेव्हल वाढते आणि आपल्याला वाटतं वा, गाडी ऑइल खात नाही, पण आत ऑइल पातळ होऊन बेअरिंग झिजत असतं. पेट्रोलचा वास आला तर पंप दुरुस्त करून, ऑइल-फिल्टर बदलून, २०डब्ल्यू-५० ग्रेडचं ऑइल भरूनच पुढची तपासणी.

दिव्यावर जाऊ नका, स्विच खराब असला तरी तो लागतो. स्विचच्या जागी ऑइलचं प्रेशर दाखवणारा मेकॅनिकल गेज लावायला सांगा आणि इंजिन पूर्ण गरम करून बघा. जुन्या गाड्यांचा ढोबळ हिशोब, दर हजार आरपीएमला १० पाउंड (पीएसआय) प्रेशर. आयडलिंगपासून रेसपर्यंत सगळीकडेच कमी दाखवत असेल तर स्ट्रेनर, पंप, रिलीफ व्हॉल्व्हची स्प्रिंग बघा, फक्त गरम आयडलिंगला पडत असेल तर बहुतेक बेअरिंगचा गॅप वाढलाय.

मग थोडी रेस ठेवून एकेका प्लगची वायर काढून बॉडीला अर्थ करायची. ज्या सिलिंडरला ठोका गेला किंवा एकदम हलका झाला, त्याचंच बिग एंड बेअरिंग (रॉड क्रँकला जोडतो तिथलं) गेलंय. वरून बारीक टिकटिक येत असेल तर टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग), थंड इंजिनात वाजून गरम झाल्यावर जात असेल तर पिस्टन, आणि फक्त घाटात खळखळ होत असेल तर प्लगच्या ठिणगीचं टायमिंग, त्याचा ऑइल प्रेशरशी संबंध नाही. तुमचं वर्णन मात्र बिग एंडचंच वाटतंय मला.

जाड ऑइलने आवाज दबेल, झीज थांबणार नाही. आणि धूर नसेल, कॉम्प्रेशन ठीक असेल तर बोअरला (सिलिंडरच्या आतल्या भिंतीला) हात लावायची गरजच नाही, उगाच फुल काम करून घेऊ नका. चेंबर उतरवून शेल बघा, तांबं दिसत असेल तर ते गेलेच. क्रँकचं प्रत्येक जर्नल (बेअरिंग बसतं तो गोल भाग) मायक्रोमीटरने मोजायला लावा, दोन दिशांनी, आणि आकडे कागदावर लिहून मागा. गुळगुळीत आणि मापात असेल तर आहे त्याच साईजचे शेल, ओरखडे असतील तर ग्राइंडिंग करून १० किंवा २० थाऊ (इंचाचा हजारावा भाग) अंडरसाईज शेल. पण ते आकडे हातात येईपर्यंत शेल विकत घेऊ नका.