लाल दिवा लागतो, पण बाण हलत नाही

प्रश्न : ताई, कळव्यात आमचं महिला मंडळ अभ्यासिका चालवतं. दिवाळीनंतर आम्ही दुरुस्त करून विकलेले पाच जुने संगणक घेतले. तीन छान चालतात. दोघांना माऊस सापडतच नाही. एकाचा माऊस हिरवा कनेक्टर जोडून मागच्या गोल पोर्टमध्ये लावून दिलाय. खालचा लाल दिवा लागतो, पण बाण जागचा हलत नाही. दुसऱ्यात विंडोज ७ आहे. त्याचा जांभळ्या पिनचा कीबोर्ड चालतो, माऊस मात्र कुठल्याच यूएसबी पोर्टवर चालत नाही, पेनड्राइव्हही दिसत नाही. तीन माऊस बदलून झाले. विक्रेता म्हणतो, मदरबोर्ड गेलाय, नवा टाका. काय करू?
– एक वाचक, कळवा

उत्तर : सगळ्यात आधी, मदरबोर्डचे पैसे देऊ नका. मंडळाचे पैसे कसे गोळा होतात ते मला ठाऊक आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

लाल दिव्यावर विसंबू नका. दिवा लागला म्हणजे माऊसपर्यंत वीज पोचली, एवढंच. त्याचं बोलणं संगणकाला कळतंय की नाही, हे दिव्यावरून समजत नाही. तो हिरवा कनेक्टर फक्त तारा जोडतो, भाषा बदलून देत नाही. यूएसबी आणि जुनी पीएस/टू (त्या गोल पोर्टची) अशा दोन्ही भाषा येणारा माऊस असेल तरच तो चालतो, आणि हल्लीच्या बऱ्याच माऊसना दुसरी येत नाही. तोच माऊस कनेक्टर काढून यूएसबीत लावा. शक्यतो मागच्या पोर्टला, कारण पुढचे पोर्ट आतल्या केबलने मदरबोर्डला जोडलेले असतात आणि पेटी उघडबंद करताना ती केबल हमखास निसटते.

गोल पिनचाच माऊस लावायचा असेल, तर संगणक बंद करून लावा, मग सुरू करा. चालू मशीनवर लावलेला पीएस/टू माऊस बहुतेक वेळा ओळखला जात नाही. लावण्याआधी पिन उजेडात धरून बघा. सहा बारीक पिना आणि मध्ये एक काळी चपटी खूण असते. गेल्या पावसाळ्यात वागळे इस्टेटमधल्या माझ्या टेबलावर असाच एक माऊस आला होता. एक पिन शेजारणीला टेकली होती. शिसं काढलेल्या पेन्सिलीचं, म्हणजे क्लिकवाल्या पेन्सिलीचं पोकळ टोक त्या पिनेवर चढवलं आणि हळूहळू सरळ केली. जोर लावला की ती मुळातून तुटते. तुम्ही खाडीजवळ आहात, तेव्हा पोर्टच्या पत्र्यांवर हिरवट थर दिसतो का, तेही बघा. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्या.

आता दुसरं मशीन. तुमच्या पत्रातली पेनड्राइव्हची ओळ वाचली आणि माझा संशय माऊसवरून उठला. खात्री अशी करा : चालणाऱ्या तीनपैकी एकाचा यूएसबी कीबोर्ड त्याला लावा, सुरू होतानाच डिलीट किंवा एफ२ दाबत राहा आणि बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावर, जा. तिथे कीबोर्ड चालला आणि विंडोज आल्यावर मुका झाला, तर पोर्ट ठणठणीत आहेत, विंडोजला त्यांच्याशी बोलू देणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, तेवढा नाही.

इंटेलचे सहाव्या पिढीचे प्रोसेसर २०१५ मध्ये आले. त्यांच्या चिपसेटमधून, म्हणजे मदरबोर्डवरच्या मुख्य चिपमधून, यूएसबी सांभाळणारा जुना कंट्रोलर काढून टाकला आणि फक्त नवा, यूएसबी ३चा ठेवला. २००९च्या विंडोज ७मध्ये त्याचा ड्रायव्हरच नाही. स्वस्तात विकायच्या घाईत अशा मशीनवर विंडोज ७ चढवलं की हेच होतं. गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी एक माऊस लावून बघायला हवा होता, याचा मला खरंच राग येतो.

ड्रायव्हर सीडीवरून टाकता येईल, सीडी ड्राइव्ह असेल तर. पण मी तो नाद करणार नाही. विंडोज ७ला २०२० च्या जानेवारीपासून सुरक्षेचे अपडेट येणं थांबलंय आणि तुमची मुलं त्यावर परीक्षांचे फॉर्म भरणार. विंडोज ११ अधिकृतपणे सहाव्या पिढीवर चालत नाही. विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम टाका. फुकट आहे, मराठी टायपिंग येतं, आणि ते पेनड्राइव्हवरून बसवता येतं, कारण बायोसला तुमचे पोर्ट दिसतातच. आधी न बसवता, नुसतं पेनड्राइव्हवरून चालवून बघा; बाण हलला की पक्कं झालं.

तोवर मशीन अडवून ठेवू नका. डावं ऑल्ट, डावी शिफ्ट आणि नम लॉक एकदम दाबा, विचारलं की एंटर करा. मग कीबोर्डच्या उजवीकडच्या आकड्यांनी बाण फिरतो : ८ वर, २ खाली, ४ डावीकडे, ६ उजवीकडे, आणि ५ म्हणजे क्लिक.