हवामान-वित्त, हवामाननिधी, मदत आणि भरपाई : कुठे कोणता शब्द?

गोव्यातल्या तिसवाडीतले एक वाचक गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीसाठी मराठीत टिपण लिहीत आहेत. त्यातले एक वाक्य त्यांनी तपासायला पाठवले आहे : ‘विकसित देश क्लायमेट फंडातून गरीब देशांना मदत करतात, त्यातून आपल्या खाजन बांधाची नुकसानभरपाई मिळू शकते.’ (खाजन म्हणजे खाडीकाठची, बांध घालून राखलेली शेतजमीन.) सोबत तीन प्रश्न आहेत. ‘क्लायमेट फायनान्स’ला हवामान वित्त म्हणावे की हवामान निधी? ‘मदत’ शब्द चालेल का? आणि बिलियन-ट्रिलियनचे मराठीत काय करावे?

थोडक्यात सांगायचे तर ‘वित्त’ हा व्यापक शब्द आहे आणि ‘निधी’ त्याचा एक छोटा भाग. ‘मदत’ शक्यतो टाळावा. ‘भरपाई’ मात्र इथे चूकच आहे. कारणे एकेक करून पाहू, कारण या विषयात शब्द बदलला की कोण कोणाचे देणे लागतो हेच बदलते.

आधी ‘मदत’. मदत देणाऱ्याच्या मर्जीवर असते. न दिल्यास कोणी जाब विचारत नाही. १९९२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक आराखडा-करारात असे काही म्हटलेले नाही. त्यातल्या चौथ्या कलमानुसार विकसित देशांनी ‘नवीन व अतिरिक्त’ वित्त पुरवायचे आहे, आणि हे त्यांनी पत्करलेले बंधन आहे. त्यामागचे तत्त्व त्याच वर्षीच्या रिओ परिषदेतले : जबाबदारी सर्वांची, पण सारखी नव्हे. हवेतला जास्तीचा कार्बन ज्यांनी आधी आणि अधिक सोडला, त्यांच्यावर भार अधिक. म्हणून ‘श्रीमंत देशांची मदत’ असे लिहिले की करारातले बंधन वाचकाच्या नजरेआड जाते आणि उपकाराची भावना तेवढी उरते.

यावर एक रास्त आक्षेप येऊ शकतो. २०१५ च्या पॅरिस कराराच्या नवव्या कलमातही विकसनशील देशांना ‘साहाय्य करण्यासाठी’ असे शब्द आहेत, मग मदत म्हणायला हरकत काय? हरकत अशी की तिथे ‘साहाय्य’ हा हेतू आहे आणि ‘पुरवणे’ हे बंधन. त्याच कलमात तीन वेगवेगळी क्रियापदे एकामागून एक येतात. पहिल्या उपकलमात विकसित देशांसाठी ‘शॅल’ आहे, म्हणजे वित्त पुरवणे बंधनकारक. दुसऱ्यात इतर देशांना स्वेच्छेने द्यायला प्रोत्साहन आहे. तिसऱ्यात वित्त ‘उभारण्यात’ विकसित देशांनी पुढाकार घेत राहावा असे ‘शुड’ आहे. मराठीत या तिन्ही ठिकाणी सरसकट ‘देतील’ लिहिले जाते. आपल्या कायद्यांच्या मराठी मसुद्यांत ‘करील’, ‘देईल’ ही रूपे बंधन दाखवण्यासाठी रूढ आहेत, पण सामान्य वाचकाला ती भविष्यकाळ वाटतात. टिपणात ‘पुरवणे बंधनकारक’, ‘स्वेच्छेने देऊ शकतात’ आणि ‘उभारण्यात पुढाकार घ्यावा’ असा फरक ठेवा. क्रियापदाच्या एका रूपाला किती वजन असते हे पॅरिसलाच दिसले होते. १२ डिसेंबर २०१५ रोजी, करार संमत होण्याच्या काही वेळ आधी, उत्सर्जनकपातीविषयीच्या कलमातला ‘शॅल’ हा ‘शुड’ हवा होता असे निघाले. तो बदल तांत्रिक दुरुस्ती म्हणून वाचून दाखवला गेला आणि मगच करार मार्गी लागला.

‘मदत’ नको म्हणण्याचे दुसरे कारण हिशेबाचे आहे. हे वित्त बहुतांशी कर्ज असते. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या हिशेबाप्रमाणे २०२२ साली विकसित देशांनी पुरवलेले आणि उभारलेले वित्त ११५.९ अब्ज डॉलर होते. त्यातल्या सरकारी वाट्याचा दोनतृतीयांशाहून अधिक भाग कर्जरूप होता. कर्ज सवलतीच्या व्याजाचे असले तरी ते फेडायचे असते, आणि फेडायच्या रकमेला मराठी माणूस मदत म्हणत नाही. तेव्हा रकमेचे स्वरूप माहीत असेल तर नेमके लिहा : अनुदान, सवलतीचे कर्ज, बाजारदराचे कर्ज, हमी, भागभांडवल. माहीत नसेल तर ‘वित्त’ लिहा. तो शब्द कशाचाच दावा करत नाही. इथे ‘अनुदान’ शब्दाला एक जोड लागते. गोव्यात अनुदान म्हटले की सौर छपरावरची किंवा शेती अवजारांवरची सूट आठवते, म्हणजे आपण खरेदी करायची आणि त्यातला काही भाग सरकारने भरायचा. आंतरराष्ट्रीय अर्थाने लिहिताना पहिल्यांदा ‘परतफेड नसलेले अनुदान’ लिहावे, पुढे नुसते अनुदान चालेल. रोख्यांचेही तसेच. केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये पहिल्यांदा हरित रोखे विकले, त्या पैशाला ‘हरित निधी’ म्हणणे बरोबर नाही. रोखे म्हणजे व्याजासह फेडायचे कर्जच.

आता ‘निधी’. या शब्दात साठवून ठेवण्याचा अर्थ मुळातच आहे. निधी म्हणजे नियम, मंडळ आणि खाते असलेला ठेवा. गोव्यातल्या शेतकऱ्याला ‘शेतकरी आधार निधी’ ठाऊक आहे, तिथे तो शब्द चपखल बसतो. आंतरराष्ट्रीय पातळीवर असे मोजकेच निधी आहेत. दक्षिण कोरियातल्या सोंगदो इथला हरित हवामाननिधी २०१० च्या कानकुन हवामानपरिषदेत ठरला. क्योटो करारातून अनुकूलन निधी आला (अनुकूलन म्हणजे बदलत्या हवामानाशी जुळवून घेणे). हानी व नुकसानीसाठीचा निधी २०२२ च्या शर्म अल-शेख परिषदेत मान्य झाला. १९९१ पासूनची जागतिक पर्यावरण सुविधा मात्र नावाप्रमाणे ‘सुविधा’ आहे, तिला निधी म्हणू नये. पण एकूण हवामान-वित्तातला थोडाच भाग या खात्यांतून जातो. बाकीचे एका देशाकडून थेट दुसऱ्या देशाकडे, विकासबँकांकडून आणि खासगी गुंतवणुकीतून येते. म्हणून ‘३०० अब्ज डॉलरचा निधी मंजूर’ असा मथळा चुकीचा ठरतो. एवढी रक्कम असलेले एक खाते कुठेही नाही.

२०२४ च्या बाकू परिषदेचा हा आकडा जसा मांडायला हवा तसा फार कमी ठिकाणी मांडला गेला. ठरले ते असे : २०३५ पर्यंत विकसनशील देशांसाठी वर्षाला किमान ३०० अब्ज डॉलर, हे उद्दिष्ट, विकसित देशांच्या पुढाकाराने, सरकारी व खासगी अशा सर्व स्रोतांतून. ‘विकसित देश ३०० अब्ज देणार’ असे लिहिले तर ‘पुढाकार’ आणि ‘सर्व स्रोत’ हे दोन्ही गळतात आणि ठराव आहे त्याहून भक्कम वाटतो. त्याच ठरावातला १.३ ट्रिलियनचा आकडा तर केवळ आवाहन आहे. भारताने ठराव संमत झाल्यावर लगेच तिथेच आक्षेप नोंदवला, तो याच सैलपणावर आणि रकमेच्या तुटपुंजेपणावर. २००९ च्या कोपनहेगन परिषदेतल्या वर्षाला १०० अब्ज डॉलरच्या आकड्याचेही शब्द असेच होते : ‘मिळून उभारण्याचे उद्दिष्ट’. मुदत २०२० ची, आकडा गाठला २०२२ मध्ये. ‘पुरवणे’ म्हणजे स्वतःच्या खिशातून. ‘उभारणे’ म्हणजे आपल्या हमीने किंवा सहभागाने दुसऱ्यांचा पैसा त्यात आणणे. मराठीत हे दोन शब्द आयते हाताशी आहेत, त्यांची सरमिसळ करू नये.

‘भरपाई’ का चूक, याचे उत्तर पॅरिसच्याच कागदपत्रांत आहे. करारासोबतच्या ठरावाच्या ५१ व्या परिच्छेदात स्पष्ट लिहिले आहे की हानी व नुकसानीचे कलम कोणत्याही दायित्वाला किंवा भरपाईला आधार देत नाही. बड्या देशांनी हे आग्रहाने घालून घेतले. न्यायाच्या दृष्टीने भरपाईच हवी होती असे माझे ठाम मत आहे, पण जे करारात नाही ते टिपणात लिहिले तर गाव नसलेल्या हक्काची वाट पाहत राहील. त्या निधीच्या नावातही ‘प्रतिसाद’ आहे, भरपाई नाही. मराठीत ‘हानी व नुकसान निधी’ पुरे.

हानी आणि नुकसान हे आपल्याकडे समानार्थी आहेत, मग दोन शब्द कशाला? या चर्चेत पुन्हा उभे न राहणारे जे जाते ती हानी, आणि दुरुस्त होऊ शकते ते नुकसान, असा फरक करतात. तुमच्या खाजनावरच लावून पाहा. उधाणात बांध फुटला, खारे पाणी शेतात आले, हंगाम गेला आणि पावसाने मीठ धुऊन निघेपर्यंत जमीन पडीक राहिली, हे नुकसान. वाढत्या पाण्याखाली शेत कायमचे गेले, किंवा कोरगुट या खाऱ्या जमिनीतल्या भाताचे त्या शेतातले बियाणे आणि मानस, म्हणजे बांधातले पाण्याचे दार, चालवण्याची जाण संपली, तर ती हानी. बांध फुटण्याआधीच तो उंच व रुंद करणे, खेकड्यांची बिळे बुजवणे, मानशीच्या फळ्या भरतीला घट्ट बसतील अशा नव्या करणे, हे अनुकूलन. आणि पाणी उपसायला डिझेलऐवजी सौर पंप बसवला तर ती उत्सर्जनकपात. ‘मिटिगेशन’ला उपशमन, सौम्यीकरण असे शब्द सुचवले जातात, पण उत्सर्जनकपात वाचताक्षणी कळतो, मी तोच वापरीन. एक खबरदारी : आपत्ती व्यवस्थापनात ‘मिटिगेशन’ म्हणजे आपत्तीची तीव्रता घटवणे. त्या कागदात बांधाचे काम मिटिगेशन ठरते आणि हवामानाच्या कागदात अनुकूलन. अर्ज कोणत्या खिडकीकडे जाणार यावर शब्द ठरवा.

तेव्हा तुमचे वाक्य असे होईल : ‘आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे विकसित देशांनी हवामान-वित्त पुरवणे बंधनकारक आहे, आपल्या खाजन बांधाच्या बळकटीचे काम अनुकूलनात मोडते आणि त्यासाठी मान्यताप्राप्त संस्थेमार्फत अनुकूलन-अनुदानाचा प्रस्ताव जाऊ शकतो.’ ‘मार्फत’ गाळू नका. हरित हवामाननिधीकडे पंचायत थेट अर्ज करू शकत नाही. नाबार्डसारखी मान्यताप्राप्त संस्था प्रस्ताव मांडते आणि केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाचे ना-हरकत पत्र लागते. शेजारच्या महाराष्ट्रासह आंध्र प्रदेश आणि ओडिशाच्या किनाऱ्यांसाठी २०१८ मध्ये मंजूर झालेला प्रकल्प असाच, संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमामार्फत गेला. त्यात निधीचे अनुदान ४ कोटी ३४ लाख डॉलर आणि त्याच्या दुपटीइतका सहवित्तपुरवठा, म्हणजे इतरांनी घातलेला पैसा, आहे. बातमीत अशा दोन्ही रकमांची बेरीज एकट्या निधीच्या नावावर टाकली जाते, ती टाळा.

रकमेच्या बाबतीत आणखी एक गफलत होते. जाहीर, करारबद्ध, जमा, मंजूर आणि वितरित हे पाच वेगळे टप्पे आहेत आणि मराठीत पाचही ठिकाणी ‘दिले’ लिहून मोकळे होतात. २०१४ साली अमेरिकेने हरित हवामाननिधीला ३०० कोटी डॉलर जाहीर केले. जानेवारी २०१७ पर्यंत जमा झाले १०० कोटी. ‘दिले’ कोणत्या आकड्याला लावायचे? आपल्या अर्थसंकल्पात तरतूद आणि खर्च वेगळे मोजतात, तीच शिस्त इथे लावावी.

बिलियनसाठी ‘अब्ज’ वापरा. १ अब्ज म्हणजे १०० कोटी, म्हणून ३०० अब्ज म्हणजे ३० हजार कोटी. ट्रिलियनला खर्व-निखर्व नको. खर्व म्हणजे १० अब्ज, ट्रिलियन नव्हे. १ ट्रिलियन म्हणजे १ लाख कोटी, तेव्हा १.३ ट्रिलियन डॉलर म्हणजे १ लाख ३० हजार कोटी डॉलर. ‘डॉलर’ प्रत्येक वेळी लिहा. कोटी दिसले की डोळा आपोआप रुपये वाचतो, आणि गोव्याच्या अर्थसंकल्पाशी तुलना करणारा वाचक तिथेच फसतो.

राहिले लेखन. ‘हवामान वित्त’ असे सुटे लिहिण्यापेक्षा ‘हवामान-वित्त’ किंवा ओघात ‘हवामानबदलासाठीचे वित्त’ बरे. ‘अर्थसहाय्य’ नव्हे, ‘अर्थसाहाय्य’. ‘जलवायू’ हिंदीतला, आपल्याला त्याची गरज नाही. महाराष्ट्र शासनाच्या विभागाच्या नावात ‘वातावरणीय बदल’ आहे, त्यामुळे त्या विभागाचे नाव लिहिताना तसेच लिहावे, एरवी हवामानबदल. ‘सस्टेनेबल’साठी हिंदीच्या वळणाने ‘सतत विकास’ लिहू नये, मराठीत त्याचा अर्थ न थांबता होणारा विकास असा होतो. ‘शाश्वत विकास’ रुळला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकासाच्या २०१५ च्या आराखड्यात १७ ‘गोल’ आणि १६९ ‘टार्गेट’ आहेत. दोन्हींना ‘उद्दिष्टे’ म्हटल्याने गोंधळ होतो, म्हणून १७ ध्येये आणि १६९ लक्ष्ये असे लिहा.