‘बिल्ड सक्सेसफुल’, मग विजेट कुठंय?

लाइफरे ७.४ कम्युनिटीवर, म्हणजे वेब पोर्टल बनवायच्या मोफत सॉफ्टवेअरवर, प्लगइन (जोडीचे छोटे प्रोग्राम) लिहायला बसलेल्या सोलापूरकरांचे हे प्रश्न.

जुळे सोलापूर : लॅपटॉपवर जावा २१ आहे, रॅम ८ जीबी. आणखी काय बसवू?

जावा २१ राहू द्या, पण ७.४च्या जुन्या आवृत्त्यांसाठी ११ वेगळं बसवून ‘जावा होम’ (कुठलं जावा वापरायचं ते सांगणारी सेटिंग) त्याच्याकडे वळवा. ग्रेडल म्हणजे कोडचं बिल्ड करणारं साधन, त्याच्या जुन्या रॅपरला २१ झेपत नाही. ‘मेजर व्हर्जन ६५’ अशी एरर आली की समजा घोडं इथंच अडलंय. ग्रेडल वेगळं बसवू नका, ते वर्कस्पेससोबत (प्रकल्पाच्या तयार फोल्डरासोबत) येतं. ब्लेड, म्हणजे लाइफरेचं कमांड लाइनवरचं साधन, मात्र लागेल. त्यातली ‘इनिट’ कमांड ७.४ची आवृत्ती सांगून चालवली की वर्कस्पेस तयार होतं, ‘सर्व्हर इनिट’ने टोमकॅट या वेब सर्व्हरसकट पोर्टल उतरतं. विंडोजवर हे सगळं सी ड्राइव्हवरच्या छोट्या नावाच्या फोल्डरात ठेवा. डेस्कटॉपवर ठेवलंत तर पाथ २६० अक्षरांच्या पुढे जातो आणि बिल्ड भलत्याच ठिकाणी मोडतं. पोर्टल एकटंच अडीच जीबीच्या वर मेमरी घेतं, तेव्हा ब्राउझरचे टॅब आवरा.

अक्कलकोट रोड : चादरींच्या ऑर्डरसाठी पोर्टलेट (पानावर विजेट म्हणून बसणारा छोटा प्रोग्राम) लिहिलं. बिल्ड होतं, डिप्लॉय होतं, पण विजेटच्या यादीत नाव नाही.

बिल्ड झालं म्हणजे जार (तुमच्या मॉड्यूलची बांधलेली फाइल) बनली, डिप्लॉय झालं म्हणजे ती ‘ओएसजीआय’ (मॉड्यूल चालवणारी व्यवस्था) फोल्डरातल्या ‘मॉड्यूल्स’मध्ये पडली. ती चालू आहे का, हे गोगो शेलला (मॉड्यूलसाठी कमांड द्यायच्या खिडकीला) विचारायचं. कंट्रोल पॅनेलमधून शेल उघडून ‘एलबी’ टाका, मॉड्यूलची यादी येते. तुमच्या मॉड्यूलपुढे ‘अॅक्टिव्ह’ हवं. ‘इन्स्टॉल्ड’वरच अडकलं असेल तर ‘डायग’ आणि मॉड्यूलचा नंबर द्या. कुठलं पॅकेज मिळालं नाही ते नावानिशी कळतं.

बहुतेकदा चूक बिल्ड फाइलमध्ये सापडते. ‘कंपाइल ओन्ली’ म्हणजे ही लायब्ररी सर्व्हरकडे आहे, जारमध्ये भरू नको. एक्सेलसाठी बाहेरून आणलेली लायब्ररी पोर्टल कुठून देणार? तिला ‘कंपाइल इन्क्लूड’ लावा. लाइफरेच्या स्वतःच्या एपीआयला (कोडमध्ये वापरायच्या तयार क्लासेसना) मात्र ‘कंपाइल ओन्ली’च, आणि पुढे आवृत्ती लिहू नका, ती वर्कस्पेस ठरवतं.

अॅक्टिव्ह असूनही दिसत नसेल तर कंपोनंट अॅनोटेशनमध्ये (क्लासच्या डोक्यावरच्या ‘@कंपोनंट’ खुणेत) सर्व्हिस म्हणून पोर्टलेट क्लास दिलाय का, आणि डिस्प्ले कॅटेगरी ‘हिडन’ तर नाही ना, ते बघा.

अशोक चौक : जुन्या व्हिडिओत अँट आणि प्लगइन्स एसडीके (प्लगइन बांधायची जुनी साधनं) दाखवलंय. चालेल?

नाही. ७.४ला वर्कस्पेसच.

होटगी रोड : मध्येच वीज गेली. आता सर्व्हर जुनाच कोड चालवतो.

सर्व्हर बंद करून ‘ओएसजीआय’मधलं ‘स्टेट’ फोल्डर काढून टाका. ती कॅश आहे, पुन्हा तयार होते. पहिल्यांदा सुरू व्हायला वेळ घेईल. ‘डेटा’ फोल्डरला हात लावू नका, हायपरसॉनिक हा पोर्टलसोबत येणारा डेटाबेस तिथंच असतो. तो सरावापुरता ठीक, खऱ्या ऑर्डरींना मायएसक्यूएल घ्या. डेटाबेस ‘यूटीएफ८एमबी४’ या अक्षरं साठवायच्या पद्धतीतच बनवा, नाहीतर मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं उमटू शकतात. डेटाबेसच्या जोडणीची ‘पोर्टल-एक्स्ट’ फाइल वर्कस्पेसच्या ‘कॉन्फिग्स’मधल्या ‘लोकल’मध्ये ठेवा, थेट बंडलमध्ये (उतरवलेल्या सर्व्हरच्या फोल्डरात) ठेवलेली फाइल बंडल पुन्हा उतरवताना जाते.