प्रकल्प एकदम मागू नका

प्रश्न : नागपुरातल्या महाविद्यालयात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला अर्थशास्त्र शिकवते. वर्गात ८० मुलं-मुली. सत्राअखेर पंधरा पानी प्रकल्प मागितला की बरेचसे झेरॉक्सच्या दुकानातून तयार होऊनच येतात. टप्पे पाडा असं सगळे सांगतात. पण नेमके कसे, आणि तपासायचे कधी?

उत्तर : मॅडम, आधी पंधराची आठ पानं करा. मग शेवटापासून मागे या. असा प्रकल्प करायला काय काय यावं लागतं ते लिहून काढा : प्रश्न ठरवणं, आकडे जमवणं, तक्ता मांडणं, त्यातून अर्थ काढणं. मुलांना जे येतं त्याला टप्पा नको. गाडी बहुधा पहिल्या आणि शेवटच्या कामावर अडते.

‘नागपुरी संत्री’ हा विषय झाला. एवढाच दिला तर उतरवून काढण्याशिवाय मुलं दुसरं काय करणार? ‘मृग बहराच्या (पावसाळ्यात फुलणाऱ्या) संत्र्यांत, नागपूरच्या कळमना बाजारात, मोठ्या आणि लहान फळाच्या भावात किती फरक पडतो?’ हा प्रश्न झाला, आणि त्याचं उत्तर झेरॉक्सवाल्याकडे नसतं.

२० गुण असे वाटा. तिसऱ्या आठवड्यात एका ओळीत प्रश्न आणि आकडे कुठून आणणार ते : २ गुण. सहाव्यात वेगवेगळ्या दिवसांच्या भावांचा तक्ता : ४. आठव्यात तक्त्याखाली शंभर शब्दांचा परिच्छेद : ४. बाराव्यात पूर्ण प्रकल्प : १०. शेवटी आधीचे तपासलेले कागद जोडलेच पाहिजेत, नाहीतर टप्पे एकीकडे आणि प्रकल्प भलताच, असं होतं. चारापेक्षा जास्त टप्पे केलेत तर मुलं नुसते फॉर्म भरतात.

तपासणीचं म्हणाल तर पहिल्या टप्प्याला तीनच शेरे : चालेल, आवाका कमी करा, आकडे मिळणार नाहीत. कागदामागे एक मिनिट धरलं तरी ८० कागद दीड तासाच्या आत होतात. पण ते आठवड्याभरात परत द्या; मुलं पुढे गेल्यावर मिळालेला शेरा कुणी वाचत नाही. परिच्छेद शेजाऱ्यांना आपसात बदलायला लावा. वाचणाऱ्याने दोनच गोष्टी विचारायच्या : हे कोणत्या आकड्यावरून म्हणतोस? याला दुसरं कारण असू शकेल का?

पुढच्या सत्रात यातले दोन टप्पे काढून टाका. हे बहुतेक ठिकाणी राहूनच जातं. वुड, ब्रूनर आणि रॉस या मानसशास्त्रज्ञांनी १९७६ साली लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचणाऱ्या तीन ते पाच वर्षांच्या मुलांवरून स्कॅफोल्डिंगची, म्हणजे शिकणाऱ्याला तात्पुरता आधार देण्याची, कल्पना मांडली, तीच मुळी जमू लागलं की हात मागे घेण्याची आहे.

प्रश्न : टप्प्यांना गुण न देता नुसती सही केली तर?

उत्तर : सगळे टप्पे आदल्या रात्री एकदम लिहून येतील. मात्र पहिल्या टप्प्याचे २ गुण वेळेवर दिल्याचे ठेवा. प्रश्न फसला म्हणून गुण कापलेत, की मुलं मागच्या वर्षीचाच विषय उचलतात.