मुलगा 14 महिन्यांचा, 10 किलोचा आहे. कार सीट आता पुढे तोंड करून लावावी का?

नाही, एवढ्यात नको.

तुम्ही लिहिलंय की मुलाची उंची 77 सेंटीमीटर आहे, गाडी छोटी हॅचबॅक आहे, सीटच्या खोक्यावर '0–18 किलो' छापलंय, दुकानदार म्हणाला वर्ष झालं की वळवा आणि आजींना त्याचे दुमडलेले पाय बघवत नाहीत. यातलं वय आणि पाय दोन्ही बाजूला ठेवा. सीट उलटी, म्हणजे बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला, अशी लावलेली असताना तिला वजनाची आणि उंचीची एक मर्यादा असते. दोन्हींपैकी जी आधी संपेल तेव्हा सीट सुलटी करायची, त्याआधी नाही.

वर्षाचा हिशोब आला कुठून, तर अमेरिकेतल्या जुन्या सल्ल्यातून: एक वर्ष पूर्ण आणि वजन साधारण 9 किलो. तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडिअ‍ॅट्रिक्सने, 2011 मध्ये ते दोन वर्षांवर नेलं आणि 2018 मध्ये वयाचा आकडाच काढून टाकला. सीटची मर्यादा संपेपर्यंत उलटंच बसवा, असं ते आता सांगतात. युरोपात जुना आर44 नियम 9 किलोनंतर वळवायला परवानगी देत होता. नवा आर129 नियम 15 महिने पूर्ण होईपर्यंत वळवूच देत नाही. पण ते 15 महिने म्हणजे किमान अट झाली, योग्य वेळ नव्हे. स्वीडनमध्ये मुलं चौथ्या वर्षापर्यंत उलटी बसतात आणि तिथे कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. आपल्याकडचे बरेच दुकानदार मात्र अजून पहिल्या वाढदिवसालाच अडकून बसलेत.

आता यामागचं कारण. जन्मतः बाळाचं डोकं शरीराच्या लांबीच्या चौथा भाग असतं, मोठ्या माणसाचं साधारण सातवा-आठवा. एवढं जड डोकं ज्या मानेवर असतं तिचे मणके अजून पूर्ण हाडाचे नसतात. एकेका मणक्याचे तुकडे कूर्चेने जोडलेले असतात आणि ते जुळून यायला तीन ते सहा वर्षांचं वय उजाडतं. हाडांना एकमेकांशी बांधून ठेवणारे अस्थिबंधही सैल असतात. समोरून धडक बसली की गाडी थांबते, पण आतलं सगळं त्याच वेगाने पुढे जाऊ पाहतं. सुलट्या सीटमध्ये पट्टे छाती धरून ठेवतात, डोकं मात्र पुढे फेकलं जातं आणि त्याचा सगळा ताण मानेवर येतो. उलट्या सीटमध्ये डोकं, मान, पाठ एका रेषेत सीटच्या पाठीत दाबली जातात आणि जोर पूर्ण पाठीवर पसरतो. अंतराळवीर उड्डाणाच्या वेळी पाठीवर रेलून बसतात. स्वीडनच्या बर्टिल आल्डमन यांना 1964 मध्ये उलट्या सीटची कल्पना त्यावरूनच सुचली. मागून धडक बसली तर काय, हा प्रश्न हमखास येतो. मागच्या धडकेत दोन्ही गाड्या बहुधा एकाच दिशेने जात असतात, त्यामुळे वेगातला फरक कमी असतो. जिवावर बेतणारे अपघात जास्त करून समोरून आणि बाजूने होतात.

'उलटी सीट पाच पट सुरक्षित' हा आकडा तुम्हाला इंटरनेटवर जागोजागी दिसेल. तो 2007 च्या ज्या अभ्यासातून आला, तो आकडेमोडीतल्या चुकीमुळे पुढे मागे घेतला गेला. त्यामुळे 'पाच पट' सोडून द्या. मानेचं गणित त्याने बदलत नाही.

आता तुमच्या सीटकडे येऊ. खोक्यावरचा '0–18 किलो' हा आकडा दोन्ही दिशा मिळून आहे. भारतात सीटसाठी एआयएस-072 हे मानक आहे आणि ते आर44 वर बेतलेलं आहे. त्यातल्या गटांनुसार '0+' म्हणजे 13 किलोपर्यंत आणि '1' म्हणजे 9 ते 18 किलो. '0+/1' लिहिलेली सीट बहुधा 13 किलोपर्यंतच उलटी लावता येते, काही स्वस्त सीट तर 10 किलोपर्यंतच. 9 ते 13 किलोच्या मधल्या पट्ट्यात दोन्ही दिशा चालतात आणि घाई होते ती नेमकी इथेच. सीट गाडीतून काढून पालथी करा आणि तळाला किंवा पाठीला चिकटवलेला स्टिकर शोधा. आयात केलेल्या सीटवर तो नारिंगी असतो, त्यावर गोलात 'ई' आणि एक क्रमांक असतो. मर्यादा स्टिकरवर किंवा पुस्तिकेत दिशेनुसार वेगळी लिहिलेली सापडेल. पुस्तिका हरवली असेल तर मॉडेल क्रमांक टाकून कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या, कारण पुढची अर्धी माहिती तिच्यातच असते.

समजा 13 किलो निघाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात मध्यम वाढीचा मुलगा 13 किलोला अडीच वर्षांच्या आसपास पोचतो. म्हणजे तुमच्याकडे अजून वर्षभर तरी आहे. वजन घरीच बघा: मुलाला कडेवर घेऊन काट्यावर उभे राहा, मग एकटे उभे राहा आणि वजाबाकी करा. महिन्याला एकदा पुरे.

वजनाआधी उंची संपते, असंही पुष्कळदा होतं. पण टेपने मोजलेले 77 सेंटीमीटर इथे कामाचे नाहीत. त्याला सीटमध्ये बसवून डोक्याचा माथा बघा. माथा आणि सीटच्या पाठीची वरची कड यांत साधारण अडीच सेंटीमीटर, म्हणजे दोन बोटं तरी उरली पाहिजेत (पुस्तिकेत वेगळं माप असेल तर ते पाळा). पट्टे खांद्याच्या पातळीत किंवा किंचित खालून यावेत. सीट उलटी असताना ते खांद्याच्या वरून येत असतील तर अपघातात मूल वर सरकतं.

आजींना सांगा, पाय मागच्या सीटला टेकणं ही अडचण नाही. मुलं मांडी घालतात, पाय वर टेकवतात, बेडकासारखे फाकवून बसतात, आणि या वयात त्यांचे सांधे लवचिक असल्याने त्यांना ते जाचतही नाही. शिवाय पायाला इजा होण्याचा धोका सुलट्या सीटमध्ये जास्त, कारण पाय पुढे फेकले जाऊन समोरच्या सीटवर आदळतात.

तो रडत असेल तर आधी सीटचा कल तपासा. नवजात बाळाला साधारण 45 अंश लागतो, म्हणजे मान पुढे लोंबून श्वास अडत नाही. 14 महिन्यांच्या, मान धरलेल्या मुलाला तेवढं झोपवायची गरज नसते. पुस्तिकेत परवानगी असेल तर सीट जास्त उभी करा. त्याला खिडकीबाहेरचं दिसेल, पायांना जागा मिळेल आणि पुढच्या सीटवर बसणाऱ्याचे गुडघेही वाचतील. ऊन थेट तोंडावर येत असेल तर खिडकीला जाळी लावा. एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीत सीटचं धातूचं बकल चटका देतं, तेव्हा बसवण्याआधी हात लावून बघा आणि गाडी लावताना वर टॉवेल टाका.

छोट्या गाडीत उलटी सीट बसत नाही अशी तक्रार येते, तेव्हा ती बहुतेक वेळा ड्रायव्हरमागे लावलेली असते. डावीकडे, पुढच्या प्रवाशामागे लावा. मुलाला फुटपाथच्या बाजूने चढवता-उतरवताही येतं. काही गाड्यांत सीट बेल्टच पुरत नाही, कारण उलट्या सीटला त्याची बरीच लांबी लागते. असं झालं तर पट्टा ओढाताण करून किंवा भलत्या खाचेतून नेऊ नका. ती सीट त्या गाडीसाठी नाही, एवढाच त्याचा अर्थ. पट्ट्याची वाट सीटवर रंगाने दाखवलेली असते: निळी उलटीसाठी, लाल सुलटीसाठी. बसवल्यावर पट्टा जिथून जातो त्या जागी सीट धरून डावी-उजवीकडे आणि पुढे-मागे हलवा. अडीच सेंटीमीटरपेक्षा जास्त हलली तर सैल आहे. गुडघ्याने सीटवर भार द्या, दुसऱ्या हाताने पट्टा खेचा. गाडीच्या पट्ट्याचं बकल सीटच्या प्लास्टिकच्या कडेवर वाकून टेकत असेल तर जोराचा झटका बसल्यावर ते तुटू किंवा उघडू शकतं, म्हणून जागा बदलून बघा. जुन्या गाड्यांत मधल्या जागेला नुसता कमरेचा पट्टा असतो, तिथे ही सीट लावायची नाही. आणि एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या जागेवर उलटी सीट कधीही नाही. उघडणारी एअरबॅग थेट बाळाच्या डोक्यामागे असलेल्या सीटच्या पाठीवर आदळते.

मर्यादा संपून वळवायचा दिवस येईल, तेव्हा नुसती सीट फिरवून काम होत नाही. आतले पट्टे वरच्या खाचेत घ्यावे लागतात, कारण सुलट्या सीटमध्ये ते खांद्याच्या पातळीत किंवा वरून यायला हवेत. बऱ्याच सीटना सुलट्या दिशेला झोपलेला कल चालत नाही, तो बदला. गाडीचा पट्टा लाल खुणांवरून न्या, किंवा आयसोफिक्सचे, म्हणजे सीट बेल्टऐवजी सीट थेट गाडीला अडकवायचे, हूक गाडीच्या सीटच्या फटीतल्या दांड्यांत टक् आवाज येईपर्यंत ढकला. वरचा टेदर पट्टा, म्हणजे सीटचा वरचा भाग गाडीला बांधणारा पट्टा, असेल तर तो लावल्याशिवाय गाडी काढू नका. हा पट्टा नसला तर धडकेत डोकं दहा-पंधरा सेंटीमीटर जास्त पुढे जातं. त्याची कडी गाडीनुसार मागच्या सीटच्या पाठीला, छतात किंवा डिकीच्या तळाला असते, आणि गाडीच्या पुस्तिकेत जागा दाखवलेली असते. लोक तो सामान बांधायच्या कडीला किंवा हेडरेस्टच्या दांडीला अडकवतात. तिथे तो टिकत नाही.

दोन्ही दिशांना लागू असलेली चाचणी: पट्टे आवळून झाले की खांद्याजवळ पट्ट्याची उभी चिमूट घ्या. चिमटीत पट्टा आला तर अजून आवळा. महाबळेश्वरच्या थंडीत जाड जॅकेट घालून पट्टा आवळला तर धडकेत जॅकेट दबतं आणि पट्टा आपोआप सैल होतो. आधी पट्टा, मग वरून शाल.

कायद्याचंही विचारलंत. मोटार वाहन कायद्यातलं 2019 चं कलम 194ब सांगतं की 14 वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बाल-सुरक्षा सीट नसेल तर 1000 रुपये दंड. दिशेबद्दल त्यात काही नाही, त्यामुळे ती पोलिसांपेक्षा स्टिकरला विचारलेली बरी.

एक शक्यता राहिली. स्टिकरवर उलट्या दिशेला 10 किलोच लिहिलं असेल, तर तुमचा मुलगा आत्ताच काठावर आहे. वळवणं नियमात बसेल, पण 14 महिन्यांच्या मुलासाठी मी दुसरी सीट घेईन. 18 किलोपर्यंत किंवा 105 सेंटीमीटरपर्यंत उलटी राहणाऱ्या सीट मिळतात, आणि मध्यम वाढीचं मूल 18 किलोला पाच वर्षांच्या आसपास पोचतं. दुकानात गाडी घेऊन जा आणि पैसे देण्याआधी ती तुमच्याच गाडीत उलटी बसवून दाखवायला सांगा. पट्टा पुरतोय का, पुढची सीट किती सरकवावी लागते आणि हलवून बघितल्यावर किती हलते, एवढं तिथेच कळेल. कुणाची वापरलेली मिळत असेल तर ती अपघातातून गेलेली नाही आणि तिच्यावरची मुदत संपलेली नाही, याची खात्री देणाऱ्या ओळखीच्या माणसाकडूनच घ्या.